अंगणातले बाक आणि आपला पाऊस

मे महिना उतरणीला लागला की पेडणे-डिचोली भागातल्या घराघरांत धांदल उडते. पुरुमेताची मिरची, सोले, सुके मासे भरायचे, जळाऊ लाकडे खोपीत रचायची, कौले परतायची. या धांदलीत कोणाच्याच हिशेबात नसतात त्या अंगणातल्या वस्तू: दारापुढचे बाक, कुंड्या ठेवायची तिवई, हातपाय धुण्याच्या जागेवरची फळी, आजोबांची खुर्ची, कोंबड्यांच्या खुराड्याचे झाकण. पाऊस लागतो, वस्तू जिथल्या तिथे राहतात आणि ८ सप्टेंबरला सायबिणीच्या जन्माचा सण येईतो त्यातल्या निम्म्या सरपणाच्या लायकीच्या होतात. मग पुन्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणायच्या, किंवा मेस्ताला बोलावून बाकाला नवा पाय ठोकून घ्यायचा.

बंधुभगिनींनो, हा खर्च लहान दिसतो म्हणून आपण त्याचा विचार करीत नाही. पण घरभेटींना फिरताना माझ्या ध्यानात येते ते वेगळेच. अंगणातल्या बाकावर घरात सर्वांत जास्त वेळ बसते ते घरातले सर्वांत थकलेले माणूस. तरुण शेतात किंवा नोकरीवर, मुले शाळेत; बाकावर आजी नाहीतर आजोबा. पाय आतून कुजलेला असतो, वरून रंग शाबूत असतो, आणि एके दिवशी बाक बसते. सत्तरीतल्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडले की पुन्हा पूर्वीसारखे चालणे पुष्कळांच्या नशिबी येत नाही. म्हणून 'टिकाऊ काय' हा प्रश्न पैशाइतकाच हाडांचाही आहे.

प्रथम शत्रू ओळखू या. आपण म्हणतो, पावसाने लाकूड कुजले. हे अर्धेच खरे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे १२० इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांतच. तरीही चर्चच्या घंटेचा लाकडी दांडा वर्षानुवर्षे टिकतो, आणि कुंपणाचा खांब दोन-तीन पावसाळ्यांत जातो. असे का? कुजण्याचे काम पाणी करीत नाही, बुरशी करते. बुरशीला ओल, हवा आणि ऊब ही तिन्ही लागतात. लाकडातली ओल वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिली तर बुरशी वाढू शकत नाही. उलट लाकूड कायमचे पाण्याखाली बुडालेले असले तरीही ते फारसे कुजत नाही, कारण तिथे हवा नाही. खाजन शेतीवाल्यांना हे सांगायला नको. मानशीचे जे लाकूड सदैव पाण्यात असते ते टिकते आणि भरती-ओहोटीच्या रेषेवरचे आधी जाते.

कुंपणाचा जुना खांब उपटून पाहा. जमिनीत खोल गेलेले टोक बरे असते, वरचे टोकही बरे असते. खांब मोडतो तो नेमका जमिनीच्या रेषेवर. तिथे माती ओल धरून ठेवते, हवाही मिळते, आणि वाळवीला चढायला वाटही तीच. अंगणातल्या बाकाचेही तेच. पाय जमिनीला टेकतो तिथे, फळी पायावर बसते त्या सांध्यात, आणि खिळ्याच्या भोकात, अशा तीन ठिकाणी पाणी अडून बसते. बाकीचे बाक पावसात न्हाऊन दोन दिवसांच्या उन्हात वाळून जाते. तेव्हा लाकूड कोणते घ्यावे याच्या आधी विचारायचा प्रश्न असा: ही वस्तू जमिनीला कुठे टेकणार, आणि पाणी कुठे अडणार?

टेकण्याच्या जागी लाकूड नकोच. तिथे चिरा घालावा.

चिऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो आपल्या पायाखालीच आहे म्हणून आपण त्याला किंमत देत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे याच दगडाला जांभा म्हणतात. (जांभा नावाचे एक कठीण लाकडाचे झाडही आहे, दोहोंची गल्लत करू नये.) १८००-०१ साली फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने केरळात हा दगड पाहिला. लोक तो जमिनीतून विटांसारखा कापून काढतात हे पाहून त्याने त्याला 'लॅटराइट' असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लाटेर' म्हणजे वीट. सेमिनरीत घोकलेल्या लॅटिनचा मला दगडाच्या कामी असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. नाव मात्र चपखल आहे. खाणीतून ताजा काढलेला चिरा इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने तासता येतो. वारा-ऊन लागले की त्यातले लोहाचे अंश घट्ट होतात आणि तो कडक बनतो. म्हणून चिरे आणल्याबरोबर बांधून टाकू नयेत. एक उन्हाळा तरी उघड्यावर रचून ठेवावेत.

सगळे चिरे सारखे नसतात हे गवंडी जाणतात. ज्या चिऱ्याला पांढरट-पिवळ्या मऊ मातीची मोठी भोके असतात तो पावसात झिजत जातो, भोकांतली माती वाहून जाते आणि कडा ढासळतात. गडद तांबूस, जड आणि दुसऱ्या चिऱ्यावर आपटल्यावर खणखणीत वाजणारा चिरा निवडावा. चिऱ्याला एक खोड आहे: तो पाणी पितो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि तो निसरडा होतो. म्हणून पाय ठेवायच्या पायरीला नुसता चिरा धोक्याचा. बसायच्या जागेलाही वर काहीतरी हवे. आपल्या वाडवडिलांनी बाल्कांवातले सोपे कसे बांधले ते पाहा. आत चिरा, वर चुन्याचा गिलावा, बसायची बाजू घोटून गुळगुळीत केलेली, पुढे किंचित उतार, आणि माथ्यावर कौलांची छाया. त्या चुन्यासाठी शिंपले भट्टीत भाजत असत. असे सोपे तीन-तीन पिढ्या बसून झाले तरी तसेच आहेत. अंगणात बसायला काही करायचे तर नमुना शोधायला दूर जायला नको.

पण अंगणाला छप्पर नसते. तिथे सर्वांत सोयीचे म्हणून मी अनेक घरी सुचवीत आलो आहे ते असे: पाय दगडाचे आणि कायमचे, फळी लाकडाची आणि सुटी. चिऱ्याचे दोन ठोकळे साडेतीन फुटांच्या अंतरावर बांधावेत. त्यांच्याखाली वीतभर खोल खणून खडीचा थर घालावा, म्हणजे पाणी खाली निचरते आणि ठोकळा कलंडत नाही. वरच्या तोंडाला सिमेंटचा किंवा चुन्याचा हात देऊन बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवावा. त्यावर पाच फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड इंच जाडीची फळी. फळीच्या खालच्या अंगाला दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या की त्या ठोकळ्यांना आतून अडतात आणि फळी सरकत नाही. अशी फळी साधारण दहा-बारा किलोंची होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी उचलून खोपीत उभी करावी, ऑक्टोबरात पुन्हा ठेवावी. मे महिन्यात खुरसापुढे लादाइन असते तेव्हा अशा चार-दोन फळ्या आणि चिरे असले की सगळ्या वाड्याची बसायची सोय होते, भाड्याच्या खुर्च्या नकोत.

बाकाची उंची जमिनीपासून १७ ते १८ इंच असावी. हौसेने केलेली पुष्कळ बाके एक फूटभर उंचीची असतात. मुलांना ती बरी, पण गुडघे धरलेल्या माणसाला त्यावरून उठताना हात टेकायला काही सापडत नाही. शक्य असेल तर एका टोकाला हात टेकण्यापुरता चिऱ्याचा तिसरा, उंच ठोकळा बांधावा. दिसायला ओबडधोबड दिसेल. आजी मात्र आशीर्वाद देईल.

आता लाकूड. कोणत्याही झाडाचे लाकूड आडवे कापले की आत गडद गाभा आणि सालीलगत फिकट कडे दिसते. टिकाऊपणा गाभ्यात असतो. फिकट भागातून झाड जिवंतपणी पाणी आणि अन्न नेत असते, म्हणून तो वाळवी आणि बुरशी या दोघांचेही खाद्य. सागवानाची ख्याती खरी, पण ती गाभ्याची. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक द्रव्ये असतात ती वाळवीला मानवत नाहीत. सागाचे फिकट लाकूड मात्र आंब्याच्या लाकडासारखेच कुजते. कोवळ्या सागाच्या बारीक खोडांपासून कापलेल्या फळ्या 'साग' म्हणून विकल्या जातात आणि त्यात निम्मे लाकूड फिकट असते. नाव सागाचे म्हणून पैसे द्यायचे नाहीत, रंग पाहून द्यायचे.

साग परवडत नसेल तर फणस आहे. आपल्या भागात फणस नाही असे कुळागर विरळा. त्याचा पिवळाधमक गाभा जुना होता होता तांबूस होतो. वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि मेस्ताच्या हत्यारालाही तो वळतो. सुट्या फळीसाठी माझी पहिली पसंती फणसाला. मट्टी आणि किंदळ ही घराच्या वाशा-तुळयांची लाकडे. मजबूत आहेत, पण उघड्यावर ऊन-पावसात फाकतात, म्हणून आडोशाला बरी. खैर लोखंडासारखा आहे, पण त्याच्या मोठ्या फळ्या मिळत नाहीत. दांडे, खुंट्या, खुराड्याचे कोपरे यांना उत्तम. माडाचे लाकूड पुष्कळांना फसवते. माडाला सागासारखा आतला गाभा टणक नसतो. नेमके उलटे असते. बाहेरचे कडे टणक आणि आतला भाग भुसभुशीत. साठ वर्षांपुढच्या म्हाताऱ्या माडाच्या बुंध्याकडचे बाहेरचे कडेच तेवढे घ्यावे, आणि तेही जमिनीला टेकू देऊ नये. पोफळीच्या चिरफळ्यांचेही तसेच. बसायला छान, स्वस्त, पण दोन पावसाळ्यांच्या बोलीने.

आंबा, सावर, काजू, रबर यांची लाकडे अंगणात ठेवण्यासाठी नव्हेत. सुरूची काठी किनारपट्टीवर हवी तेवढी मिळते; मांडवाला ठीक, पण जमिनीत पुरली की टिकत नाही. डिचोलीकडे खाणींच्या मातीच्या ढिगांवर ज्या ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या गेल्या त्यांना पुष्कळजण निव्वळ जळण समजतात. त्या जातीच्या जून झाडाचा तपकिरी गाभा तिवई किंवा स्टुलासाठी चांगला आहे. वाळताना तो फाकतो एवढीच तक्रार, म्हणून सावलीत हळूहळू वाळवावा. फळी वाळायला दर इंच जाडीला साधारण एक वर्ष लागते हा जुना हिशेब ध्यानात ठेवावा. ओल्या लाकडाचे बाक करणे म्हणजे ओल्या भाताची कणगी भरण्यासारखे.

एक सूचना कायद्याची. १९८४ च्या गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या जमिनीतले झाड तोडण्यासही परवानगी लागते. वादळात पडलेल्या झाडाचे लाकूड हे बाकासाठी सर्वांत चांगले, पण त्याचीही वर्दी देऊन मग करवत लावावी. बांबूचे मात्र सोपे झाले आहे. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला.

बांबूला वाळवीपेक्षा घुण लवकर लागतो. घुणाला हवे असते बांबूतले पिष्ट. म्हणून तीन वर्षांहून जून बांबू निवडावा, पावसाळा सरून कोंब जून झाल्यावर थंडीत तोडावा, आणि ओढ्यात किंवा तळ्यात दगड ठेवून तीन-चार आठवडे बुडवून ठेवावा. पाणी वास मारील, पण पिष्ट निघून जाईल. अवसेला तोडलेला बांबू टिकतो असे जुने लोक मानतात. मानणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पण दीड वर्षाचा कोवळा बांबू अवसेला तोडला म्हणून घुण त्याला सोडीत नाही. याहून पक्के करायचे तर बोरिक आम्ल एक भाग आणि टाकणखार दीड भाग यांचे मिश्रण, १०० लिटर पाण्याला ५ किलो या प्रमाणात विरघळवून त्यात बांबू आठवडाभर बुडवावेत. आतल्या पेरांच्या पडद्यांना लांब सळईने भोके पाडावीत म्हणजे द्रावण आत शिरते. पण ही द्रव्ये पावसाने धुऊन जातात. तेव्हा असा बांबू पडवीतच, छपराखालीच ठेवावा. ते द्रावण गुरांच्या आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आपल्याच पेडण्यात लोखंडाच्या बाबतीत एक गंमत दिसते. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी या समुद्राकाठच्या गावांत नवा खिळा एका पावसाळ्यात लाल होतो. तोच खिळा डिचोली-साखळीकडे चार वर्षे तग धरतो. खाऱ्या वाऱ्यातले मीठ लोखंडावर बसते, ओल ओढून घेते आणि गंज थांबत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने डिचोलीच्या मेव्हण्याचे पाहून लोखंडी बाक करू नये. करायचेच झाले तर जस्ताचा मुलामा दिलेले नळ घ्यावेत. जस्त स्वतः आधी झिजते आणि लोखंड वाचवते. पण वेल्डिंगच्या ठिकाणी मुलामा जळालेला असतो, तिथे जस्ताचा रंग हटकून लावावा. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेताना दुकानदाराला क्रमांक विचारावा. ३०४ क्रमांकाचे आतल्या भागाला पुरतात. समुद्राकाठी ३१६ क्रमांकाचे, कारण त्यात मॉलिब्डेनम असते आणि ते मिठाला दाद देत नाही. महाग आहेत, पण एका बाकाला लागतात किती? आठ किंवा दहा. साधा खिळा मारला तर लाकडातल्या तुरट रसाची आणि लोखंडाची जुळत नाही. भोकाभोवती काळा डाग पडतो, खिळा गंजून फुगतो आणि लाकूड तिथेच चिरते. आपले जुने मेस्त एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडाचीच खुंटी मारीत, ते काही खिळे मिळत नव्हते म्हणून नव्हे.

सिमेंटचे बाक ओतणारे आता गावोगाव आहेत. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग खडी हे प्रमाण साध्या बाकाला पुरे. मात्र समुद्राची रेती कदापि घेऊ नये. तिच्यातले मीठ आतल्या सळईला गंजवते, सळई फुगते आणि बाक आतून फुटते. सळईवर सगळीकडे इंचभर सिमेंट हवे, आणि ओतल्यावर निदान सात दिवस ओले पोते घालून भिजवत ठेवायला हवे. घाईने वाळवलेले सिमेंट दिसते दगडासारखे आणि वागते बिस्किटासारखे.

प्लास्टिकच्या खुर्चीबद्दल वेगळे सांगायला नको, सर्वांच्या घरी आहे. तिला पाणी काही करीत नाही, ऊन करते. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकचे बंध तोडतात. रंग फिका पडतो, हात फिरवला की पांढरी पूड लागते, आणि मग एक दिवस मागचा पाय फाकतो. पांढरी पूड लागली की ती खुर्ची माणसाला बसायला देऊ नये. कुंडी ठेवायला चालेल. आणि मोडलेली खुर्ची शेणीबरोबर जाळू नये. तो धूर दम्याच्या माणसाला, तान्ह्या मुलांना फार वाईट.

आरोग्याचे म्हणून जे मला विशेष सांगायचे आहे ते इथेच सांगतो. टिकाऊपणाच्या नादाने आपण घरात विष आणतो. लाकडाला गॅरेजमधले काळे, जळके इंजिन तेल फासायची पद्धत गावागावांत आहे. ते फुकट मिळते आणि वाळवीही पळते हे खरे. पण त्या तेलात जळण्याने तयार झालेली, कर्करोग घडवणारी द्रव्ये आणि जड धातू असतात. बाकावर उघड्या पायांनी, उघड्या पाठीने बसतो कोण? आपलीच मुले. पावसात ते तेल धुऊन जाते कुठे? विहिरीत आणि परसातल्या भाजीत. लाकडाला तेलच द्यायचे तर अळशीचे उकळलेले तेल द्यावे. ते हवेत सुकून कडक थर धरते. खोबरेल सुकत नाही, चिकट राहते, त्यावर धूळ बसते. अळशीच्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात टाकावी.

काजूच्या टरफलाचे तेल हे आपल्या मुलखाचे जुने लाकूड-औषध. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला तो आज आपल्या पेडण्याच्या डोंगरांवर पसरला आहे, आणि त्याच्या टरफलाचे तेल किनाऱ्यावर होड्यांना आणि जाळ्यांना लावीत आले आहेत. बाकाच्या पायाला, फळीच्या खालच्या बाजूला आणि विशेषतः फळीच्या दोन्ही कापलेल्या टोकांना ते उत्तम. पाणी लाकडात सर्वांत जास्त शिरते ते कापलेल्या टोकांतूनच. पण हे तेल बिब्ब्याच्या जातकुळीचे आहे, कातडी जाळते. रबरी हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, आणि बसायच्या बाजूला ते लावूच नये.

जुन्या घरातले रंगवलेले बाक घासून नवे करण्याची हौस अनेकांना असते. जुन्या तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि ती मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीला अपाय करते. पाण्याने भिजवून घासावा, नाका-तोंडाला फडके बांधावे, खरवडलेला चुरा गोळा करून मुलांपासून दूर टाकावा. गर्भवती स्त्रीने आणि मुलांनी जवळ थांबू नये. अॅस्बेस्टॉसचे जुने सिमेंटी पत्रे कापून खुराड्याचे छप्पर किंवा कुंड्यांचे फळकुट करणे तर अगदी टाळावे. त्याचे तंतू फुफ्फुसात बसले की वीस-तीस वर्षांनी रोग डोके वर काढतो. बसवलेला पत्रा आहे तसा राहू द्यावा; त्याला करवत आणि ड्रिल लावू नये. खुराड्याला मंगळुरी कौले घालावीत. १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात ज्या कौलांचे कारखाने सुरू केले, त्याच जातीची कौले आजही आपल्या माथ्यावर आहेत. घराची कौले परतताना दहा-वीस जुनी बाजूला निघतातच.

आणि टायर. डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रक फार, म्हणून जुन्या टायरांना तोटा नाही. रंग देऊन त्यांच्या कुंड्या, मुलांचे झोपाळे, बसायचे मोडे केले जातात. टायर टिकाऊ आहे यात शंका नाही, कुजणारच नाही; पण त्याच्या पोटात पाणी साचते आणि ते कितीही उलटे-सुलटे केले तरी पुरते निघत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला असे सावलीतले, थोडेसे, स्वच्छ पाणीच हवे असते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. टायर वापरायचाच तर खालच्या बाजूला बोटभर रुंदीची चार-पाच भोके पाडावीत. डिचोलीच्या कुंभारांच्या मातीच्या कुंड्या त्याहून बऱ्या, पण त्यांच्याखाली बशी ठेवू नये. चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर कुंडी ठेवली की पाणी निचरते आणि वाळवीने चढवलेली मातीची वाटही डोळ्यांना दिसते. दिसली की काठीने मोडावी, दर आठवड्याला. त्यासाठी औषध फवारायची गरज नाही, आणि विहिरीच्या पंचवीस-तीस पावलांत तर मुळीच फवारू नये.

बाकाला एकाऐवजी दोन अरुंद फळ्या घातल्या तर मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवावी. पावसात लाकूड फुगते. फट नसेल तर फळ्या एकमेकींना ढकलून वाकतात आणि मध्ये पाणी अडते. गंजका खिळा पायात गेला तर घरच्या हळदीवर विसंबून राहू नये, जखम धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची सुई घ्यावी.

ज्यांना यंदा फळी करून घ्यायची आहे त्यांनी मेस्ताकडे आताच सांगून ठेवावे. फळी ताब्यात आली की तिच्या खालच्या अंगाला लाकडाचे नाव आणि वर्ष पटाशीने कोरून घ्यावे. दहा वर्षांनी कोणते लाकूड आपल्या अंगणात टिकले हे तुमच्या मुलांना तिथेच वाचता येईल.